ताई, तुमच्या प्रश्नांच्या कागदाबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गटातले आईबाप आणि आता मोठी झालेली इंटरसेक्स (जन्मतः लिंगाची शारीरिक लक्षणं ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणारी) मंडळी, सगळ्यांच्या वतीने हे पत्र, डॉक्टरांना विचारायच्या तुमच्या प्रश्नांचा कागद नव्याने छापण्याआधी. आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लेखी मानतोय. आणि उघड मानतोय, कारण फोनवर तुम्ही एकेकाला जे सांगत आलात ते तुमचा नंबर ज्यांच्यापाशी नाही त्यांनाही वाचता यावं.

नवजात बाळाच्या घरून फोन येतो तेव्हा घरातले सगळे ‘मुलगा की मुलगी’ यावर अडकलेले असतात. तुम्ही विचारता: दूध ओढतंय का? उलट्या होतात का? जन्मापासून वजन वाढलं की घटलं? लघवीची धार नीट येते का, आणि कुठून? समोरच्याला आधी रागच येतो. पण जननेंद्रियांची ठेवण वेगळी दिसण्याचं एक मोठं कारण म्हणजे सीएएच, कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लासिया, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात दोष. त्याच्या मीठ वाया जाण्याच्या प्रकारात जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत रक्तातलं सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि बाळ मलूल पडतं. उपचार झाले नाहीत तर जीव जातो. म्हणून सोडियम, पोटॅशियम, साखर आणि १७-ओएचपी (सीएएचमध्ये चढणारं हार्मोन) या तपासण्या आधी, बाकी सगळं नंतर. १७-ओएचपीचं रक्त पहिल्या चोवीस तासांत घेतलं तर आकडा उगीच चढलेला दिसतो, ते ४८ तासांनंतर घ्यावं, हेही तुम्हीच सांगता. बाळ पूर्ण मुलासारखं दिसतंय पण दोन्ही बाजूंना वृषण हाताला लागत नाहीत, तिथेही सीएएच तपासायला लावता. असं बाळ सहज नजरेतून सुटतं.

सीएएच ठरलं की घरच्यांना तुम्ही दाराच्या आत चिकटवायला एक चिठ्ठी लिहून देता. ताप आला तर हायड्रोकॉर्टिझोन (अ‍ॅड्रिनलचं कमी पडणारं हार्मोन भरून काढणारं औषध) दुप्पट किंवा तिप्पट, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे. उलटीत गोळी टिकत नसेल तर वाट न पाहता त्याचंच इंजेक्शन: साधारण तीन वर्षांपर्यंत २५ मिलिग्रॅम, बारापर्यंत ५०, पुढे १००. आणि मग लगेच दवाखाना. इंजेक्शन कसं भरायचं ते नर्सकडून आधीच हाताने करून शिकून घ्या, हा तुमचा हट्ट योग्यच आहे. रात्री दोन वाजता कुणी पत्रक वाचत बसत नाही.

तुमच्याकडून शिकलेली खरी गोष्ट म्हणजे घाई कशाची आणि कशाची नाही. मीठ वाया जाणं, लघवी अडणं, वारंवार संसर्ग होणं: घाई. दिसणं ‘नीट’ करणं: अजिबात नाही. शिस्निका (क्लिटोरिस) लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत संवेदना जाऊ शकते, लहानपणी केलेला योनीमार्ग वयात येताना व्रणामुळे आक्रसतो आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं, मूत्रमार्ग टोकाशी आणताना मधेच छिद्र राहून लघवी झिरपते. यातलं काहीही उलट फिरवता येत नाही. म्हणून तुमच्या कागदावरचे पहिले तीन प्रश्न आम्ही जसेच्या तसे ठेवलेत: हे आज केलं नाही तर शरीराचं नेमकं काय बिघडेल? मूल स्वतः सांगण्याइतकं मोठं होईपर्यंत थांबलो तर काय गमावू? केल्यावर पुन्हा किती वेळा करावं लागतं? उत्तर ‘लोक काय म्हणतील’ या वळणावर गेलं की समजायचं, वैद्यकीय कारण संपलं. अशा शस्त्रक्रियांवर माल्टाने २०१५ मध्ये कायद्याने बंदी घातली. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिल्यावर तामिळनाडू सरकारनेही जीवाला धोका नसताना अर्भकांवर त्या करायला मनाई केली. हे सांगितलं की घरच्यांना धीर येतो. थांबायचं म्हणणारे आपण एकटेच नाही, हे कळतं.

तपासण्यांच्या बारीक चुका टाळायला शिकवल्यात, त्याचे आभार वेगळे. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिनच्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत) जायला हवं, कारण पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात. जांभळ्या झाकणाचा बल्ब जनुक तपासणीला चालतो, इथे नाही, आणि रक्त फ्रीझरमध्ये गोठवायचं तर मुळीच नाही. अहवालात किती पेशी मोजल्या ते बघा, असं तुम्ही म्हणता. सगळ्या ३० पेशी एकसारख्या निघाल्या, तर दहा टक्के किंवा जास्त पेशी वेगळ्या असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने बाजूला पडते. मोजल्याच कमी, तर मोझेइसिझम (एकाच शरीरात वेगवेगळ्या गुणसूत्रांच्या पेशी) नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे हार्मोन आपोआप चढलेले असतात, तेव्हाच टेस्टोस्टेरॉन आणि ग्रंथींना चालना देणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन तपासून घेतली तर पुढे एचसीजीची (वृषणांना उत्तेजन देणारी) इंजेक्शनं देऊन मोजायची वेळ सहसा येत नाही. ही खिडकी चुकते ती बहुधा ‘पुढच्या भेटीत बघू’मुळे. आणि सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं नव्हे.

मोठ्या माणसांचे प्रश्न वेगळे. ‘लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं’ एवढंच कानावर असतं आणि पोटावर व्रण असतो, नेमकं काय काढलं ते माहीत नसतं. तुम्ही त्यांना रेकॉर्ड विभागात पाठवता, पण मोघम ‘फाइल द्या’ म्हणायला नाही. लेखी अर्जात चार कागद नावाने मागायचे: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टीप, हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) अहवाल, कॅरिओटाइप. नोंद बहुतेकदा ‘अमुकचं बाळ’ अशी आईच्या नावावर असते, म्हणून आईचं त्या वेळचं नाव आणि साल द्यायचं. जुन्या कागदात ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ असं लिहिलेलं आढळलं तर दचकायचं नाही, आज त्याला अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी (शरीराने पुरुष-हार्मोनला प्रतिसाद न देणं) म्हणतात. फाइल नष्ट झाली म्हणाले तरी पॅथॉलॉजीत वेगळी चौकशी करायची. तिथे पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपलेले काढलेल्या भागाचे तुकडे) आणि स्लाइड निराळ्या ठेवलेल्या असतात, कधीकधी फाइलीपेक्षा जास्त वर्षं. तेही नसेल तर आजचं रक्त बरंच बोलतं: कॅरिओटाइप कधीही करता येतो, आणि जननग्रंथी (वृषण किंवा अंडाशय) काढलेल्या असून हार्मोन चालू नसतील तर एफएसएच खूप चढलेलं असतं.

ग्रंथी काढायच्या की ठेवायच्या, यावर तुम्ही कधीच सरसकट उत्तर देत नाही. आधी निदानाचं नाव आणि जनुक विचारता. संपूर्ण अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटीत वयात येईपर्यंत ग्रंथीत कर्करोगाची गाठ होण्याचा धोका कमी असतो आणि त्याच ग्रंथींच्या टेस्टोस्टेरॉनपासून शरीर इस्ट्रोजेन बनवतं, तेव्हा थांबता येतं. स्वायर सिंड्रोममध्ये (XY गुणसूत्रं असून ग्रंथी नीट न घडणं) ग्रंथी हार्मोन बनवत नाहीत आणि धोका मोठा, तिथे लवकर काढायचा सल्ला बरोबर असतो. ज्यांच्या आधीच काढल्या आहेत त्यांना तुम्ही न चुकता विचारता: इस्ट्रोजेन चालू आहे का? हाडांची डेक्सा तपासणी कधी झाली? ग्रंथी काढून पुढे काहीच लिहून न देणं सर्रास घडतं. हाडं ठिसूळ होतात आणि ते फ्रॅक्चर झाल्यावर कळतं.

आकड्यांबाबतही तुम्ही सावध. १.७ टक्के बाळं इंटरसेक्स, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यातला मोठा वाटा उशिरा दिसणाऱ्या सीएएचचा आहे. जन्मतः दिसणारा फरक त्याहून खूप विरळ, साधारण साडेचार हजारांत एक. घाबरलेल्या आईला कुठलाच आकडा फेकायचा नाही, ही तुमची शिस्त आम्हाला आकड्यापेक्षा मोलाची वाटते.

गटाचे नियमही तुमचेच. नव्या माणसाशी पहिलं बोलणं एकास एक. निदान सांगण्याची सक्ती नाही. फोटो नाहीत, मुलांचे तर नाहीतच. आईबापांची बैठक वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि एकत्र बसायचं ते मोठ्यांनी हो म्हटल्यावरच. कारण आईबाप अपराधी भावनेने रडू लागले की मोठ्यांवर त्यांना सावरायचं ओझं येतं आणि त्यांचं स्वतःचं बोलणं राहून जातं. डोस कुणी कुणाला सांगायचा नाही. आणि तपासणीच्या खोलीत विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहिला तर म्हणायचं वाक्य तुम्ही पाठच करून घेतलंत: ‘आज फक्त डॉक्टर आणि मला हवी ती व्यक्ती, बाकीचे बाहेर.’ आवाज न चढवता, कपडे काढण्याआधी.

ताई, कागदाची नवी प्रत सोबत आहे. दोन गोष्टींची भर घातलीय: बल्बच्या झाकणांचे रंग आणि पॅथॉलॉजीच्या चौकशीची ओळ. मुलाला सांगण्याबद्दलचा भाग मात्र अपुरा आहे. तीनचार वर्षांपासून थोडंथोडं, त्याने विचारलं तेवढंच आणि खरं, वयात येईपर्यंत फाइलची प्रत त्याच्या हाती, इतकंच आम्हाला लिहिता आलं. शाळेच्या वयातलं तुम्ही लिहून द्या, पुढच्या बैठकीआधी छापायचं आहे.

तुमची,
गटातली मंडळी