सर्जरी बिघडली की दोष पेशंटच्या हौसेचा कसा?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी लातूरची. सरकारी दवाखान्यात सर्जरी वॉर्डला सिस्टर म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. एक विषय डोक्यातून जाईना म्हणून लिहायलेय. हेअर ट्रान्सप्लांट, लायपोसक्शन म्हणजे अंगातली चरबी ओढून काढणं, नाकाची सर्जरी, ओठात फिलर म्हणजे ओठ फुगवायचं इंजेक्शन, हे आता पुण्या-मुंबईचंच राहिलं नाही, संभाजीनगर, नांदेड, लातूर सगळीकडं बोर्ड लागलेत, नीटच्या क्लासच्या होर्डिंगशेजारी टकलाचे आधीचे-नंतरचे फोटो लागलेत. ह्या सर्जरीला माझा विरोध नाही हे आधीच सांगते. भाजलेल्या पोरीचा चेहरा, फाटक्या ओठाचं लेकरू प्लास्टिक सर्जननी नीट केलेलं मी वॉर्डात बघितलंय, आणि ज्याला आपल्या नाकाचा नाहीतर टकलाचा त्रास होतो त्याचा त्रास खराच असतो, लोकांना तो बारीक वाटतो तेवढंच. पण सर्जरी बिघडली की घरचे, पाव्हणे, कधी कधी डॉक्टरसुद्धा पेशंटलाच म्हणतात, "कुणी सांगितलं होतं, हौस होती ना, भोग आता." ह्या एका वाक्यानं किती नुकसान होतंय ते कुणी बघत नाही. माणूस लाजेनं लपवतो, लपवण्यात वेळ जातो, आणि जे वेळेत दाखवलं असतं तर सावरलं असतं ते हाताबाहेर जातं.

माझ्या भाच्याचं सांगते. औसा तालुक्यातला, शेती करतो. आपल्याकडं शेतकरी पोराला पोरगी मिळायची मारामार झालीय हे तुम्हाला माहिती आहे, त्यात कपाळ मागं सरकलेलं. एक स्थळ फोटो बघूनच परत गेलं. सोयाबीनचे पैसे हातात आले तसे त्यानं घरी न सांगता एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये जाऊन हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. डॉक्टर आले, कपाळावर पेननं रेघ मारली आणि गेले, बाकी सगळं पोरांनी केलं, ती पोरं टेक्निशियन होती का कोण होती हे त्याला आजपण माहिती नाही. शुगर तपासली नाही, तंबाखू-गुटखा खातोस का विचारलं नाही, कागदावर मात्र दोन-तीन ठिकाणी सह्या घेतल्या. लॉजचे पैसे वाचवायला त्याच रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसून गडी गावाकडं आला.

कपाळ आणि डोळे सुजले ते ठीक होतं, हेअर ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तशी सूज येते आणि उतरते. पण डोक्याच्या मागं जिथून केस काढले होते तिथं ठणका सुरू झाला, ताप आला, वास यायला लागला. ह्यानं टोपी घातली आणि आईला सांगितलं की मोटारसायकलवरून पडलो. क्लिनिकला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला तर उत्तर आलं "नॉर्मल आहे, गोळ्या चालू ठेवा", आणि पुढं तेपण बंद झालं. मला फोन आला तोवर मागची कातडी काळी पडलेली होती. दवाखान्यात मेलेली कातडी काढली, शुगर तपासली तर वाढलेली निघाली, मग रोजचं ड्रेसिंग. जखम भरली पण तिथं आता तळहाताएवढा चट्टा आहे आणि त्यावर केस येणार नाहीत. जुळत आलेली सोयरीकपण मोडली. तो कित्येक दिवस खोलीतून बाहेर येईना आणि घरातले मात्र येता-जाता टोमणे मारायचे, "होतं तेपण घालवलंस." मी माझ्या बहिणीला सरळ सांगितलं, बाई, पोराला आधी जगू दे, मग बोल त्याला. अशा वेळी माणसाला बोलायला कुणीतरी लागतं, घरात जमत नसलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

क्लिनिकवाल्यांनी नंतर काय म्हणावं, की तुमचा पोरगा गुटखा खातो म्हणून झालं. आता बघा, ह्यात खोटं काही नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं, कातडी मरायची भीती वाढते, त्यात शुगर असली तर अजूनच. म्हणूनच चांगले सर्जन आधी चार-सहा आठवडे तंबाखू, बिडी, गुटखा बंद करायला लावतात आणि ऐकलं नाही तर सर्जरी पुढं ढकलतात. मग हे माहिती असताना विचारलं का नाही? आपल्याकडं दर दुसऱ्या घरात तंबाखूची पुडी असते, हे इथल्या पेशंटला ऑपरेट करणाऱ्याला माहिती नाही असं कसं म्हणायचं. पेशंटनं खरं सांगायचं ही त्याची जबाबदारी, मान्य आहे, पण आधी विचारायचं, तपासायचं आणि नको तिथं नाही म्हणायचं ही डॉक्टरची. पैसे घेताना पोराची गुटख्याची सवय चालली आणि जखम सडल्यावर तीच सवय गुन्हेगार झाली, हे मला पटत नाही.

आणि हे एकट्या भाच्याचं नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाच्या डोक्यात एकाच बैठकीत ९,५०० ग्राफ्ट म्हणजे केसांच्या मुळांचे तुकडे लावले, दोन-तीन दिवसांत तो गेला, औषधाची तीव्र अॅलर्जी आली असावी असं सांगितलं गेलं. कानपूरला दोन तरुण इंजिनिअर हेअर ट्रान्सप्लांटनंतर गेले, बातम्या २०२५ मध्ये आल्या, आणि सर्जरी करणारी दातांची डॉक्टर होती असं तपासात पुढं आलं. २०२२ मध्ये बेंगळुरूला चेतना राज ही कन्नड मालिकांतली २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढायच्या सर्जरीनंतर गेली, छातीत पाणी झालं होतं आणि आई-वडिलांना आधी सांगितलंच नव्हतं अशी बातमी होती. मला त्या बातमीत हे न सांगणंच सगळ्यात जास्त लागलं. तिनं का सांगितलं नसेल हे आपल्याला सगळ्यांनाच कळतं की.

नियम नाहीत असंपण नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की हेअर ट्रान्सप्लांट आणि असल्या सर्जरी रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरनंच करायच्या, म्हणजे प्लास्टिक सर्जन नाहीतर त्याचं शिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ, यूट्यूब बघून नाहीतर वर्कशॉपला बसून ते शिकणं होत नाही, आणि मदतनीस ठेवले तरी जबाबदारी डॉक्टरचीच. पण हे आमच्या गावातल्या पोराला कोण सांगणार, त्याला रील दिसते आणि ईएमआय दिसतो.

काय बिघडू शकतं हे पण थोडं सांगते, कारण कोण लपवत बसलं असलं तर वाचून तरी दवाखाना गाठील. लायपोसक्शननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत दम लागला, माणूस बरळायला लागला तर चरबीची गुठळी रक्तातून फुफ्फुसात, मेंदूत गेलेली असू शकते, ते घरी बसून बघायचं काम नाही. पोटरी एका बाजूचीच सुजली, दुखायली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून छातीत गेली तर माणूस जागेवर जातो, आणि म्हणून सर्जरी करून त्याच रात्री आठ-दहा तास ट्रॅव्हल्समध्ये पाय लोंबकळत बसून येणं हे फार धोक्याचं आहे, लॉजचे हजार-दोन हजार गेले तर जाऊ द्या. फिलर भरल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर दिसायली, खूप दुखायलं नाहीतर नजर गेली, तर फिलर रक्तवाहिनीत गेलंय असं समजायचं आणि त्याच क्लिनिककडं तिथल्या तिथं पळायचं, बहुतेक फिलर विरघळवायचं हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, ते हाताशी नसताना फिलर भरणाऱ्याकडं कुणी जाऊच नये. डोळ्याला तर मिनिटांचाच हिशोब असतो, उदगीरहून लातूरला येईपर्यंत वेळ निघून गेलेला असतो. अजून एक, सर्जरीनंतर काही आठवड्यांनी टाक्यांजवळ गाठी यायल्या, पू यायला आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देईना, तर क्षयाच्या जंतूच्या जातभाईंचं इन्फेक्शन असू शकतं, ते जंतू साध्या पाण्यात असतात आणि हत्यारं नीट निर्जंतुक केली नाहीत तर जखमेत जातात. त्याचा इलाज महिनोन्महिने चालतो. आपल्याकडं उन्हाळ्यात दवाखान्यालापण टँकर लागतो, तेव्हा हत्यारं कशात धुता, कशी निर्जंतुक करता हे विचारायची लाज वाटू देऊ नका.

सगळंच बिघडलेलं डॉक्टरच्या चुकीनं असतं असंपण मी म्हणणार नाही. चांगल्या हातानं केलेला टाकासुद्धा कुणाकुणाच्या कातडीवर उंचवटा धरतो, त्याला केलॉइड म्हणतात. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळतात आणि तीन-चार महिन्यांनी परत यायला लागतात, नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं, वण पिकायला वर्ष-दीड वर्ष. एप्रिल-मेचं आपलं ऊन ताज्या वणाला लागलं की तो काळा पडतो, म्हणून लग्नाच्या दोन महिने आधी सर्जरी हे गणितच चुकीचं आहे. पण हे सगळं आधी बसवून, आपल्या भाषेत सांगायचं कुणी? समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सांगितलंय की धोके, दुसरे पर्याय, सगळं समजावून मग घेतलेली ती संमती. इंग्रजी कागदावर बोट दाखवून "इथं सही करा" म्हणणं म्हणजे संमती नव्हे.

भाच्यानं आता ग्राहक आयोगात तक्रार केलीय. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय, फुकटच्या सेवेला ते लागू नाही पण इथं तर पैसे मोजलेत. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, दिलेली रक्कम पन्नास लाखापर्यंत असली तर जिल्हा आयोगातच होते, पाच लाखापर्यंत तर फीसुद्धा नाही. पोलीस केसचं मात्र अवघड आहे, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून मोठा, ढोबळ निष्काळजीपणा दिसल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी चालत नाही, आणि तिथं नाही झालं की लोकांना वाटतं सगळंच संपलं. संपत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार करता येते, डिग्रीच नसेल तर जिल्ह्याच्या बोगस डॉक्टर शोध समितीकडं. पण सगळ्याला कागद लागतात. पेशंटनं मागितले की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं डॉक्टरांच्या वागणुकीच्या २००२ च्या नियमांत आहे, आम्हाला ते मिळवायला वकिलाची नोटीस द्यावी लागली. म्हणून लेखी मागा, पोच घ्या, रोजचे फोटो काढून ठेवा, चॅट पुसू नका, बिलाशिवाय रुपया देऊ नका. जनआरोग्य योजनेत सौंदर्याची सर्जरी बसत नाही, मेडिक्लेममध्येपण नाही, आणि तिच्यातून झालेला बिघाड पण बहुतेक कंपन्या नाकारतात, तेव्हा दुसऱ्या दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा हा वाद पुढं येतोच. माझं मत विचाराल तर पैसे भरायच्या आधी क्लिनिककडून कागदावर लिहून घ्यावं की रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, कुठल्या दवाखान्यात भरती करणार आणि तो खर्च कुणाचा. जो हे लिहून देत नाही त्याच्या खुर्चीत बसू नये.

आता शेवटचं तुमच्याकडं मागणं आहे, संपादक साहेब. तुमच्या जिल्हा पानावर ह्या क्लिनिकच्या जाहिराती येतात, ऑफर असते, अमुक तारखेपर्यंत निम्म्या किमतीत असं असतं. डॉक्टरनं असं जाहिरातीनं पेशंट ओढायला त्याच २००२ च्या नियमांत मनाई आहे, दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला अशी साधी सूचना देता येते. ते तुम्हाला जमेल न जमेल, पण निदान जाहिरात घेताना सर्जरी करणाऱ्या डॉक्टरचं नाव, डिग्री आणि कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, तो कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघा आणि जाहिरातीतच छापा. ज्याच्याकडं नंबर नाही त्याची जाहिरात घेऊ नका. तुमचा पेपर आमच्या गावात पारावर मोठ्यानं वाचला जातो, त्यात छापून आलं म्हणजे खरं असं समजणारी माणसं आहेत तिथं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, लातूर