नेड लीड्सवरचा आळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्पायडरमॅनवर पानभर मजकूर होता. चित्रं छान, मांडणीही देखणी. पण उजवीकडच्या चौकटीत 'हे ठाऊक आहे का?' या मथळ्याखाली एक वाक्य होतं : 'पीटरचा जिवलग मित्र नेड लीड्स हाच कॉमिक्समध्ये पुढे हॉबगॉब्लिन नावाचा खलनायक होतो.' (पीटर म्हणजेच स्पायडरमॅन.) माझी हरकत या एका वाक्याला आहे. हरकत जरा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

तो खलनायक नेड लीड्स नव्हे. हा आळ त्याच्यावर १९८७ साली आला आणि १९९७ साली रीतसर उतरवला गेला. ज्याने हॉबगॉब्लिनला जन्माला घातलं, त्या लेखकानेच परत येऊन तो उतरवला. म्हणजे आपल्या पुरवणीने निर्दोष सुटलेल्या माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं. कागदावरचा माणूस असला म्हणून काय झालं? शिवाय तो तुमच्याच पेशातला. 'डेली ब्यूगल' या दैनिकाचा बातमीदार. निदान व्यवसायबंधू म्हणून तरी एकदा खातरजमा करायला हवी होती.

घोटाळा कुठे झाला असेल ते कळतं. २०१७ पासूनच्या चित्रपटांत नेड हा पीटरचा शाळासोबती आहे, गुबगुबीत, टोपीवाला, लेगोचे ठोकळे जोडत बसणारा. त्याचा स्वभाव खरं तर कॉमिक्समधल्या वेगळ्याच पोराचा, माइल्स मोरालेस या दुसऱ्या, नव्या स्पायडरमॅनच्या गँकी नावाच्या दोस्ताचा आहे. नाव तेवढं लीड्सचं. २०२१ च्या चित्रपटात तो पीटरला घाबऱ्याघुबऱ्या शब्दही देतो, की मी खलनायक होऊन तुला मारायला येणार नाही. थिएटरात पोरं हसली, मी जरा जास्तच हसलो. कॉमिक्समधला नेड मात्र १९६४ चा. कोट-टायमधला कर्ता माणूस. त्याच दैनिकातल्या सेक्रेटरी बेटी ब्रँटवर पीटरचंही मन होतं आणि याचंही, त्यामुळे जिवलग मैत्री वगैरे काही नाही. १९७६ साली त्याने बेटीशी लग्न केलं. वर्तमानपत्राची नोकरी, संसार, कुरबुरी, असं चारचौघांसारखं त्याचं आयुष्य.

आता मूळ प्रकरण. मार्च १९८३ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा २३८ वा अंक. स्पायडरमॅनचा जुना शत्रू ग्रीन गॉब्लिन म्हणजे उद्योगपती नॉर्मन ऑस्बॉर्न दहा वर्षांपूर्वीच कथेत मेला होता. (पुढे १९९६ मध्ये तोही परत आला, पण तो वेगळाच वैताग आहे.) त्याचं सोंग त्याच्या मुलाने घेऊन झालं होतं, मग त्या मुलाच्या मानसोपचारतज्ज्ञानेही. लेखक रॉजर स्टर्नला चौथा ग्रीन गॉब्लिन नको होता. त्याने युक्ती केली. बँक लुटून पळणारा एक भुरटा स्पायडरमॅनला चुकवत गटारातून जातो आणि त्याला ऑस्बॉर्नचा गुप्त अड्डा सापडतो. तो ही खबर एका बड्या माणसाला विकायला जातो. हा बडा माणूस अख्ख्या अंकात सावलीत आहे. जॉन रोमिटा ज्युनियरच्या चित्रांत त्याचा कोट दिसतो, हात दिसतात, चेहरा नाही. खबर आणणाऱ्याचा काटा काढून तो ऑस्बॉर्नचा पोशाख घेतो, त्याचे रंग बदलतो, नारिंगी आणि निळे करतो आणि शेवटी आपल्यासमोर उभा राहतो. हॉबगॉब्लिन. आत कोण, ते सांगत नाहीत.

चार वर्षं सांगितलं नाही! त्या काळी अशा अंकांच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं पान असे. त्यात लोक तर्क लढवत, हा असेल, तो नसेल. स्टर्नच्या मनात उत्तर पक्कं होतं : रॉडरिक किंग्जली, फॅशनच्या धंद्यातला गडगंज आणि लबाड माणूस, १९८० पासून मासिकांत अधूनमधून दिसणारा. पण स्टर्नने १९८४ मध्ये हे मासिक सोडलं. पुढचा लेखक टॉम डिफाल्को याला किंग्जली पटेना. किंग्जली आणि हॉबगॉब्लिन एकदा एकाच जागी दिसलेले होते, मग तोच तो कसा? स्टर्नचं उत्तर होतं, त्याला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा भाऊ आहे. डिफाल्कोला ही वाचकांची फसवणूक वाटली. आता प्रत्येकाच्या मनातला गुन्हेगार वेगळा.

या ओढाताणीत बळी गेला तो लीड्स. १९८७ च्या सुरुवातीला स्पायडरमॅन आणि वुल्व्हरिन हा दुसरा नायक यांच्या एका जादा अंकात लीड्स बातमीच्या निमित्ताने बर्लिनला जातो आणि हॉटेलच्या खोलीत मारलेला सापडतो. बस्स. मुख्य मासिकाच्या हाती उरला एक मृतदेह आणि एक न सुटलेलं रहस्य. त्या वर्षीच्या जूनच्या २८९ व्या अंकात, जाडजूड, दुप्पट पानांच्या, पीटर डेव्हिडने लिहिलेल्या, दोन्हींची गाठ मारली : लीड्स हाच हॉबगॉब्लिन होता. मेलेल्या माणसाच्या तोंडावर मुखवटा चढवून प्रकरण बंद. त्याला स्वतःच्या बचावात एक वाक्य बोलायची सोय नाही.

मला हा २८९ वा अंक आधी मिळाला, २३८ वा कित्येक वर्षांनी. आमच्या पिढीचं कॉमिक वाचन असंच उलटसुलट. कॉलेजात असताना मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर गुडघे टेकून ढिगारा उपसायचा, धुळीने नाक चोंदायचं, आणि जो अंक हाताला लागेल तो घ्यायचा. पाच रुपयांना घेतलेला तो अंक मी चर्चगेटहून गाडीत उभ्याने वाचला आणि दादर येईस्तोवर डोक्यात एकच किडा वळवळू लागला. हॉबगॉब्लिन म्हणजे अंगात अचाट ताकद आलेला माणूस. स्पायडरमॅनशी हातघाईची लढाई करणारा. मग त्याला भाडोत्री मारेकऱ्यांनी, साध्या हाडामांसाच्या माणसांनी हॉटेलच्या खोलीत सहज कसं लोळवलं? मित्रांना विचारलं, तर ते म्हणाले, तू जरा अभ्यासाकडे लक्ष दे.

दहा वर्षांनी स्टर्नने नेमका हाच किडा बाहेर काढला. १९९७ च्या जानेवारी ते मार्च अशा तीन अंकांच्या मालिकेत, रॉन फ्रेंझच्या चित्रांसह, त्याने खटला पुन्हा उभा केला. लीड्सच्या अंगात ती ताकद नव्हतीच, म्हणून तो मेला. तो हॉबगॉब्लिनचा माग काढत त्याच्या अड्ड्यापर्यंत पोचलेला बातमीदार होता. तिथे त्याला पकडून, यंत्राने त्याचा बुद्धिभेद करून किंग्जलीने त्याला हवं तेव्हा आपल्या जागी उभं केलं. खरा गुन्हेगार किंग्जलीच, आणि भाऊ डॅनिएल हा त्याचा दुसरा बदली. हे सगळं खणून काढायला निमित्त कोण होतं, तर बेटी, लीड्सची विधवा. तीसुद्धा तोवर पत्रकार झाली होती. पुन्हा तुमचाच पेशा!

संपादक महाशय, माझा मुद्दा लीड्सपुरता नाही. हॉबगॉब्लिन हे एका माणसाचं नाव समजणं हीच मूळ चूक. पहिल्याच वर्षी स्पायडरमॅनने एका हॉबगॉब्लिनचा मुखवटा ओढला, तर आत लेफ्टी डोनोव्हन नावाचा भाडोत्री गुंड. ताकदीचं औषध स्वतः घेण्याआधी किंग्जलीने ते त्याच्यावर करून पाहिलं होतं. १९८६ मध्ये पीटरचा शाळासोबती फ्लॅश थॉम्पसन टीव्हीवर हॉबगॉब्लिनला घालूनपाडून बोलला, तर त्यालाच हॉबगॉब्लिनचा पोशाख घालून पोलिसांच्या हवाली व्हायची पाळी आली. लीड्सच्या खुनाची सुपारी देणारा जेसन मॅकेंडेल, त्याने तर मुखवटा उघडपणे बळकावला आणि वर्षानुवर्षं मिरवला. १९९४ च्या कार्टून मालिकेतला, मार्क हॅमिलच्या आवाजातला, तो हाच. पुढे फिल युरिक आला, 'डेली ब्यूगल'मधल्याच एका नामांकित बातमीदाराचा पुतण्या. त्याने किंग्जलीला मारून मुखवटा मिळवला असं सगळे समजले, आणि नंतर कळलं की मेला तो भाऊ होता.

ही यादी पाहिली की वाटतं, लेखकांनी सावळागोंधळ घातला. काही प्रमाणात घातलाच. पण किंग्जलीकडे नीट पाहा. तो धंदेवाला आहे. माल दुसऱ्याने शोधायचा, औषधाची चाचणी दुसऱ्यावर, अटक दुसऱ्याला, मरण दुसऱ्याला. मुखवट्यामागे इतके जण असणं ही त्याची अडचण नाही, तीच त्याची ढाल आहे. अलीकडच्या कथांत तर तो खलनायकांची जुनी नावं आणि पोशाख नवशिक्यांना भाड्याने देतो आणि त्यांच्या लुटीत वाटा घेतो. वडापावच्या गाडीची फ्रँचायझी असते तशी. लीड्सकडे बोट दाखवणारा जो जो माणूस आहे, तो नकळत किंग्जलीचंच काम करतो. आपली चौकटही त्यात आली.

आपल्याकडे तोतया हा शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, पेशवाईची झोप उडाली आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पण तिथे अस्सल भाऊ एक होते, म्हणून बाकीचा नक्कल ठरला. हॉबगॉब्लिनचा अस्सल कोण? किंग्जली म्हणेल, मी. पण त्याचा पोशाख, त्याचं उडतं यान, भोपळ्याच्या आकाराचे बाँब, सगळं ऑस्बॉर्नच्या अड्ड्यातून उचललेलं. मूळ पुरुषच उसन्या कपड्यांत.

माझ्या वयाच्या वाचकांना एकाच मुखवट्यामागे अनेक जण ही गोष्ट वेताळामुळे (म्हणजे इंग्रजीतल्या फँटममुळे) लहानपणापासून ठाऊक आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं. त्यातला वेताळ एकविसावा, आणि जंगलातले लोक मानायचे की हा एकच, चारशे वर्षं जगणारा, चालता बोलता अमर पुरुष. बापाने मरताना मुलाला अंगठ्या द्यायच्या, मुलाने कवटीसमोर शपथ घ्यायची. नायकाचं नाव असं वारशाने जातं. खलनायकाचं नाव खून, चोरी किंवा भाडेकरार यांतून जातं. आमच्या बिल्डिंगमध्ये वेताळाची दोनशे पुस्तकं एका ट्रंकेत होती. ती वाळवीने खाल्ली, आणि त्या कुटुंबात ट्रंक कुणाची यावरून अजून बोलणं बंद आहे. असो.

२३८ वा अंक मला शेवटी भाच्याने न्यू जर्सीहून आणून दिला. त्या अंकासोबत कातडीवर उमटवायची रंगीत चित्रं फुकट दिली होती. ती आत शाबूत असली तरच संग्राहक पूर्ण पैसे मोजतात. माझ्या प्रतीतली कुण्या अमेरिकन पोराने १९८३ सालीच दंडावर उमटवून टाकलेली दिसतात. म्हणजे निदान एक दिवस त्या पोराच्या दंडावरही हॉबगॉब्लिन होता. त्याचंही नाव यादीत घालायला माझी हरकत नाही.

तुमची पुरवणी करणाऱ्या मंडळींवर राग नाही. अलीकडे लीड्सला कथेत जिवंत करून परत आणलंय आणि पुन्हा त्याच मुखवट्याच्या भानगडीत ओढलंय, त्यामुळे कुणाचाही गोंधळ व्हावा. पण चौकट छापली आहे, तर खुलासाही त्याच चौकटीत, त्याच टाइपात यावा. मजकूर मीच देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल :

'गेल्या रविवारी नेड लीड्स यांचा उल्लेख हॉबगॉब्लिन असा झाला. ते दैनिक डेली ब्यूगलचे बातमीदार होते आणि कामावर असताना मारले गेले. मुखवटा रॉडरिक किंग्जली यांचा होता. श्रीमती बेटी ब्रँट यांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. (अंक छपाईला जाईपर्यंत आणखी कुणी तो मुखवटा घातल्यास त्याचे नाव पुढील रविवारी.)'

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली