हौशी संघाला जो नियम, तोच चित्रनगरीला लावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

राज्य नाट्य स्पर्धेत नाशिकच्या हौशी संघाला उतरायचं असेल, तर आपलंच खातं संहिता मागतं आणि लेखकाचं परवानगीपत्रही. नियम उत्तम आहे. आमच्याकडे कपडेपटाला पैसे नसतात, पण लेखकाच्या सहीसाठी आम्ही त्याच्या दारात ठाण मांडतो.

गोरेगावची चित्रनगरीही सरकारचीच, आणि नाव आमच्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचं. तिथे शूटिंगसाठी फ्लोअर भाड्याने घेणाऱ्या हिंदी निर्मात्याला लेखकाचा करार दाखवायला सांगा.

विनोदी सिनेमाच्या लेखकाची तर जास्तच पंचाईत. हशा मिळाला की वाक्य नटाचं, पडलं की लेखकाचं. कादर खान मुंबईच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवायचे, तिथून संवादलेखनाकडे वळले. १९९५च्या ‘कुली नं. १’चे संवाद त्यांचे, पण कुणालाही विचारा, ती वाक्यं गोविंदाचीच वाटतात. (गोविंदाचं टायमिंग अफाट, त्यात वाद नाही.) खानसाहेब ३१ डिसेंबर २०१८ला गेले आणि पद्मश्री जाहीर झाली जानेवारी २०१९मध्ये! तरी ते पडद्यावर दिसायचे, म्हणून चेहरा लोकांना माहीत. नुसतं लिहिणाऱ्याला कोण ओळखतं?

आमच्या ग्रुपमधला एक पोरगा पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला नरेशनला, म्हणजे निर्मात्यांना गोष्ट ऐकवायला जायचा. रामकुंडावर गर्दीत भलत्याच माणसाच्या बापाचं पिंडदान करून बसलेला जावई, आणि दक्षिणेवरून जुंपलेली दोन कुटुंबं, असा त्याचा सीन. ऐकणारे पोट धरून हसले. साइनिंगची किरकोळ रक्कम मिळाली, मग ड्राफ्टवर ड्राफ्ट. करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’. पुढचा हप्ता आलाच नाही. भांडायचं तर पुढचं काम जातं, म्हणून तो गप्प आहे.

खरं तर २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा आहे, आणि तो सही करूनही सोडता येत नाही. टीव्हीवर तेच तेच विनोदी सिनेमे वर्षानुवर्षं लागतात, म्हणजे हा वाटा काही चिल्लर नव्हे.

कायदा केंद्राचा आहे, मान्य. पण चित्रनगरीचा भाडेअर्ज तर आपल्या हातात आहे. त्याला लेखकाच्या कराराची प्रत जोडायला लावा. श्रेयनामावलीतलं नाव, हप्ते आणि रॉयल्टी त्यात स्पष्ट हवेत. इगतपुरीजवळच्या चित्रनगरीची चर्चा आम्ही ऐकत आलोय. ती उभी राहिलीच, तर तिथे हा नियम पहिल्या अर्जापासून लावा.

कळावे,
नाशिकचा एक हौशी नाटकवाला