टेम्सकाठची दुपार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात नातीला जेरोम के. जेरोम यांची ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) ही टेम्स नदीवर होडीने फिरणाऱ्या तीन मित्रांची विनोदी कादंबरी वाचून दाखवत होते. अननसाच्या डब्याशी तिघे चाकू, कात्री, दगड घेऊन झुंजतात, तिथे ती हसून लोळली. मी मात्र पुढे टेम्सकाठच्या रेडिंग या इंग्लंडमधल्या गावापाशी अडकले.

लेखकाने तिथली नदी घाणेरडी, उदास म्हणून दोन ओळींत निकालात काढली आहे. मला ते पटत नाही. १९९४ ते १९९८ आम्ही रेडिंगला होतो. हे कामावर, मुलगा शाळेत, मी घरात एकटी. केनेट नदी टेम्सला मिळते तिथून मी काठाकाठाने सॉनिंग गावापर्यंत चालत जायची. (सॉनिंगचं मात्र त्याने तोंडभरून कौतुक केलंय, आणि ते खरंच आहे.) तिथल्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या पाण्याच्या कप्प्यापाशी, तासभर उभी राहायची. बोट आत आली की मागचे दरवाजे लागायचे, पाणी हळूहळू चढायचं आणि बोट अलगद वरच्या पातळीला यायची. लॉक सांभाळणारे म्हातारे गृहस्थ हात करायचे. कित्येक दिवशी घराबाहेरचं तेवढंच एक माणूस मला ओळखायचं.

नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी राहून आलेल्या माझ्यासारख्या बायकांच्या आठवणींना रविवार पुरवणीत जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. तेव्हा फोन महाग होता. आईला लिहिलेली माझी सगळी निळी हवाई पत्रं (एरोग्राम) तिने जपून ठेवली होती. ती आता माझ्या ट्रंकेत आहेत.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर