बंड्यास, वडगावहून

वडगाव, बेळगाव

प्रिय बंड्या,

चार महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर फोनवर शिव्या घाल, ऐकून घेतो. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी नॉर्मल. लिहायला बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी, घरात कुणाशी बोलता येईना.

आमचे कापड विणायचे दोन माग गुरुवारी गेले. भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि किलोवर तोलून घेऊन गेला.

वर्षभर माझं काय चाललंय ते तुला थोडंफार माहीत आहे. आधी कॅमेरा कपाटातच असायचा, गोकाकच्या धबधब्याला नाहीतर राजहंसगडावर जायचं ठरलं की बाहेर निघायचा, म्हणजे वर्षातून दोनदा. मग ठरवलं की फोटोसाठी कुठं जायचं नाही, जिथं रोज जातो तिथंच काढायचे. उद्यमबागेत आठची शिफ्ट, डब्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा, एकच 50 एमएमची लेन्स, आणि निघायच्या आधी दहा मिनिटं मागाच्या शेडमध्ये. बास. पण रोज गेलं की दिसायला लागतं रे. शेडवर ते काचेचं कौल आहे ना, जे तू बॉल मारून फोडलंस आणि नाव माझं घेतलंस (अजून विसरलो नाही), त्यातून येणारा उन्हाचा तुकडा उन्हाळ्यात पावणेआठला बाबांच्या मागावर पडतो आणि दिवाळीनंतर वर सरकून मागच्या भिंतीवर चढतो. जन्म गेला त्या शेडमध्ये, हे कधी बघितलंच नव्हतं.

आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या त्या धोट्याच्या मागं तर किती दिवस घालवले. शटर 1/500 ला, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाला नेलं की धोटा हवेत थांबलेला यायचा, पण फोटोत आडवे पट्टे यायचे. मग कळलं की आपली लाइट 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, ती लुकलुक फास्ट शटरला सापडते. 1/50 ला ठेवलं, पट्टे गेले, धोट्याची पांढरी रेघ झाली आणि बाबांचा तुटलेला धागा जोडणारा हात मात्र स्पष्ट आला. मला ती रेघच आवडायला लागली. डोळ्याला तरी धोटा कधी दिसतोय, रेघच दिसते की.

आणि गुरुवारी मी कॅमेरा नेला नाही. तुझ्यामुळं. तुमचे माग 2012 ला टेम्पोत चढत होते, मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तू कॉलर धरलीस, "घर जळूलंय आन फोटो काढूलास काय बे?" म्हणालास. सहा महिने बोलला नाहीस. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय, आपल्या माणसाचं दुःख टिपायचं नसतं असं. म्हणून पिशवीतून कॅमेरा काढून घरी ठेवला आणि नुसता जाऊन उभा राहिलो.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. शेडमध्ये कधी घालतात का ते? बनियन आणि जुनी पॅंट. केस विंचरलेले. माग उचलला तेव्हा खालच्या फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिला, त्याच्याकडं बघत बघत चिंधीनं हात पुसले आणि मला म्हणाले, "आज कॅमेरा न्हाई काय आणलास?"

काय सांगू मी त्यांना. शर्ट कशासाठी घातलेला ते तेव्हा कळलं. चार दिवस झाले, जेवण जात नाही.

अजून एक माग राहिलाय. तो आयुधपूजेपर्यंत ठेवायचा म्हणतात, पूजा करूनच द्यायचा. त्या दिवशी मी काढणार, विचारूनच काढणार.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींना नमस्कार, पोरगीच्या दहावीचं कळव, ट्यूशन जास्त लावू नका.

आता खरं सांगतो. त्या दिवशी तू कॉलर धरलीस त्याच्या आधी एक फोटो निघाला होता. डिलीट केला असं तुला सांगितलं, केला नव्हता. काका टेम्पोच्या फळीला एका हातानं धरून उभे आहेत, दुसऱ्या हातात धोटा आहे, तेवढा त्यांनी भंगारात दिला नव्हता. बारा वर्षांवर झाली, कुणाला दाखवला नाही. काल पाच बाय सातची प्रिंट काढून आणली, पाकिटात घालून ठेवलीय.

कुरिअर करू, की दसऱ्याला येऊलास?

तुझा,
दिगू