उड्या मोजायला लावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

आपले खरे नाव मला ठाऊक नाही, आणि खेळातले टोपणनाव इथे लिहिलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून तेही लिहीत नाही. ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये आधी दहा गेम जिंकण्याच्या लढतीत आपण मला दहा-एक असे हरवलेत आणि मग निघून न जाता “रिप्ले बघू या का?” असे विचारलेत, त्या रात्रीला आता सात महिने झाले. मधल्या काळात मी आभार मानू लागलो की आपण विषय बदलून पुढच्या सरावाचे काढत आलात. पत्रात तरी आपल्याला मला मध्येच अडवता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

त्या रात्रीपर्यंत माझी समजूत अशी होती की मी कॉम्बोंत, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या वारांच्या मालिकांत, कमी पडतो. खेळ घेतल्यापासून रोज तासभर ट्रेनिंग मोडमध्ये बसून, न हलणाऱ्या डमीवर, म्हणजे सरावासाठी खेळानेच उभ्या केलेल्या प्रतिस्पर्ध्यावर, कोपऱ्यातले लांबलचक कॉम्बो मी घोटत असे. त्या बिचाऱ्या डमीने माझा एकही वार कधी अडवला नाही आणि माझ्या अंगावर कधी उडीही मारली नाही. आपण रिप्ले सुरू केलात, कॉम्बोंविषयी अवाक्षर काढले नाहीत आणि मला कागद घ्यायला सांगितलेत: आपण उडी मारली की एक रेघ, मी ती उडी हवेतच पाडली की त्या रेघेवर काट. अकरा गेममध्ये ४१ रेघा झाल्या आणि काट बसली फक्त सहांवर. उरलेल्या उड्यांपैकी काही मी नुसत्या ब्लॉक केल्या होत्या, बाकीच्या सरळ डोक्यावर घेतल्या होत्या. “कॉम्बो सुरू करायची वेळ तुझ्यावर येतच नाही, मग तो पाठ असून उपयोग काय?” एवढेच आपण म्हणालात. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

त्यानंतर मी माझ्या हातांच्या संथपणाचे रडगाणे गायलो, तेव्हा आपण शांतपणे हिशेब मांडलात. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार खास वार लागू होण्यास २६ फ्रेम, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद जातात, आणि उडी मारणारा तर अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ हवेत असतो. समोर दिसलेल्या एकाच ठरलेल्या खुणेला साधा प्रतिसाद देण्यास माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. स्क्रीन आणि कंट्रोलर यांच्यापायी होणारा थोडाफार उशीर त्यात धरला, तरी हात पुरेसे वेगवान होते. मग आपण विचारलेत, “खेळताना तुझी नजर कुठे असते?” मी पुढचा गेम मुद्दाम स्वतःकडे लक्ष ठेवून खेळलो आणि ओशाळलो, कारण मी सारा वेळ माझ्याच रियूकडे, म्हणजे मी खेळवत असलेल्या पात्राकडे, पाहत होतो. स्वतःचा वार कसा दिसतो हे पाहण्याच्या नादात समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटलेले मला दिसतच नव्हते.

पण खरे ऋण आहे ते त्या डमीचे, जो आपण मला बसवून दिलात. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या हालचाली नोंदवून त्या कोणत्याही क्रमाने परत चालवता येतात, हे मी मेनूत वाचले होते, परंतु त्याचे करायचे काय हे कळले नव्हते. आपण चार नोंदी करायला लावल्यात: पहिलीत डमी दोन पावले पुढे येऊन बसून मध्यम लाथ मारतो, दुसरीत हादोकेन, म्हणजे दुरून फेकायचा ऊर्जेचा गोळा, टाकतो, तिसरीत ड्राइव्ह इम्पॅक्ट करतो आणि चौथीत उडी घेतो. आधी फक्त चौथी नोंद चालू ठेवली, तेव्हा बसून मारलेल्या जोरदार ठोशाने मी दहापैकी दहा उड्या पाडल्या आणि मनातल्या मनात हसलो. आपण चारही नोंदी एकत्र, क्रम न ठरवता चालू करायला सांगितल्यात, आणि दहा उड्यांपैकी तीनच पडल्या. प्रत्येक वेळी मी दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत असे, आणि उडी आली की आधी मनातली ती दुसरी गोष्ट बाजूला सारण्यातच वेळ जात असे. एका खुणेला उत्तर देणे वेगळे आणि चार शक्यतांतून ओळखून उत्तर देणे वेगळे, हे एरवी कुणी सांगितले असते तर मी मान डोलावून विसरून गेलो असतो. तीनचा तो आकडा मात्र चांगलाच झोंबला.

पुढचे सहा आठवडे मी रोज वीस मिनिटे हाच सराव केला. वीस मिनिटांची मर्यादाही आपलीच. मनगट दुखू लागल्यावरही खेळत राहिल्याबद्दल मी आपली बोलणी खाल्ली आहेत.

दुसरी एक गोष्ट इतकी बारीक आहे की आपण नसता तर मला ती कधीच सापडली नसती. पुढे चालत जाऊन मी हादोकेन टाकायला गेलो की पुष्कळदा त्याऐवजी शोर्यूकेन, म्हणजे वर झेपावत मारायचा ठोसा, निघे, रियू रिकाम्या हवेत झेपावे आणि खाली येईपर्यंत समोरचा त्याची पुरती वाट लावी. मला वाटे की कंट्रोलर बिघडला आहे. नवीन घ्यायच्या विचारात असताना आपण म्हणालात की आधी स्क्रीनवर बटणांची नोंद दाखवणारी पट्टी चालू कर. तिच्यात प्रत्येक दिशेशेजारी ती किती फ्रेम दाबलेली होती तो आकडा दिसतो, आणि सारा गुन्हा तिथे ओळीने लिहिलेला होता: पुढे, खाली, खाली-पुढे तिरके, पुढे, ठोसा. हादोकेनच्या दिशा म्हणजे खाली, तिरके, पुढे; शोर्यूकेनच्या म्हणजे पुढे, खाली, तिरके. चालण्यासाठी दाबलेले ‘पुढे’ खेळाने शोर्यूकेनची सुरुवात म्हणून मोजले होते, आणि दोन्ही जुळत असतील तर खेळ शोर्यूकेनला प्राधान्य देतो. उपाय साधा होता: चालणे थांबवायचे, क्षणभर खाली बसायचे, मगच हादोकेन. कंट्रोलर निर्दोष सुटला, आणि मी चार दिवस थांबत-बसत हादोकेन टाकत राहिलो. त्यानंतर आपण मला स्क्रीनच्या उजव्या बाजूला उभे केलेत आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, कारण मी तोवर जे काही शिकलो होतो ते केवळ डाव्या बाजूने शिकलो होतो.

कॉम्बोंकडे आपण मला वळवलेत ते तिसऱ्या महिन्यात, आणि तेही अगदी आखूड कॉम्बोंकडे: बसून दोन हलके ठोसे आणि मग शोर्यूकेन. अट अशी की डमीचा ब्लॉक अनियमित ठेवायचा. ठोसे लागले तर पुढे जायचे, अडले तर हात आवरायचा. मला पुढे जाणे येत होते, थांबणे येत नव्हते. शोर्यूकेन ब्लॉक झाले तर समोरच्याला मोठ्यात मोठा वार निवांत करता येतो, हे माहीत असूनही माझा अंगठा परस्पर पुढचे दाबून मोकळा होई. तेव्हा आपण एक दिवस शोर्यूकेन पूर्ण वर्ज्य केलेत आणि ठोसे लागले की अडले एवढेच तोंडाने मोठ्याने म्हणायला लावलेत. घरातल्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली, पण दोन दिवसांनी अंगठा ऐकू लागला.

या काळात माझा रँक घसरला, हेही लिहायला हवे. पहिल्या तीन आठवड्यांत मी आधीपेक्षा अधिक हरलो, कारण उड्या शोधता शोधता मी चालणे, मारणे, सगळेच विसरत असे. मी वैतागून जुन्या पद्धतीकडे परतणार होतो. आपण जिंकलो-हरलोचा आकडा विचारणेच बंद केलेत. रात्री निरोप येई तो एवढाच, “आज किती उड्या, किती पाडल्या?” हरूनही सांगण्यासारखे काही उरे, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसे.

एकदा मी आपल्याला २००४ सालच्या इव्हो या मारामारीच्या खेळांच्या स्पर्धेतला तो प्रसंग पाठवला होता, ज्यात दाइगो उमेहाराने ‘थर्ड स्ट्राइक’ या जुन्या स्ट्रीट फायटरमध्ये केन या पात्राच्या बोटभर उरलेल्या प्राणावर जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचा (सर्वांत जोरदार हल्ल्याचा) एकेक वार परतवून सामना फिरवला, आणि मलाही हेच शिकवा असा हट्ट धरला होता. आपण तो पूर्ण पाहिलात आणि लिहिलेत की त्यातला पहिला वार नुसत्या डोळ्यांनी पाहून परतवता येत नाही, तो येणार हे आधीच ओळखावे लागते. “आणि तुला अजून समोरचा उडी मारणार हेसुद्धा ओळखता येत नाही.” तेव्हा राग आला होता. तो गेला आहे.

मागच्या रविवारी मी एका अनोळखी खेळाडूशी दहा गेमच्या लढतीत दहा-आठ असा हरलो. रिप्ले मी एकट्यानेच पाहिला: ५३ उड्या, ३८ पाडल्या, डाव्या बाजूने जवळजवळ सगळ्या, उजव्या बाजूने मात्र अजून मार बसतो. उजव्या बाजूसाठी मी नव्या चार नोंदी केल्या आहेत, आणि त्यात एक रिकामी उडी घेऊन खाली येताच पकड करणारी घातली आहे, कारण आपण मला तशीच फसवत आलात. येत्या शनिवारी आपल्याला सवड असेल तर पुन्हा दहा गेम खेळू. कागद आणि पेन घेऊनच बसेन.

आपला ऋणी,
पस्तीस उड्या न पाडता सोडणारा रियू