शिफारस करा, पण पत्त्यासकट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आठवड्याच्या शिफारशींच्या सदरांत विशेषणे भरपूर असतात. सुचवलेली गोष्ट हाती कशी लागेल, हेच राहून जाते. पुस्तकाचे नाव आणि लेखक एवढे पुरत नाही. प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, अनुवाद असल्यास अनुवादक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) द्यावा. तो २००७ पासून १३ अंकी आहे, जुन्या प्रतींवर १० अंकी सापडतो.

कथा सुचवून संग्रहाचे नाव गाळणे म्हणजे पत्ता न देता आमंत्रण. शब्दसंख्याही सांगा: तीन हजार शब्द पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतात, हे कळले की माणूस पुस्तक उघडतो.

सर्वाधिक घोळ स्वतंत्र संगीतात, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय कलाकारांनी स्वतः काढलेल्या गाण्यांत. एकाच नावाचे दोन कलाकार स्ट्रीमिंग अ‍ॅपवर कधी कधी एकाच पानावर मिसळतात. म्हणून अल्बम आणि प्रकाशनवर्ष हवेच. सुरुवात कोणत्या गाण्याने करावी, तेही लिहा. शफल (गाणी कशाही क्रमाने वाजवण्याची सोय) बंद ठेवायला सांगा, नाहीतर क्रमाने बांधलेला अल्बम विस्कटतो (आणि दोष बिचाऱ्या कलाकाराला लागतो).

आठवड्याला तीनच शिफारशी पुरेत. दहांची यादी कापून ठेवली जाते, ऐकली जात नाही.

आपला,
एक नियमित वाचक